बांज ओकविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

बांज ओक हे हिमालयात वाढणारे ओकचे झाड. त्याविषयी इंदूरच्या मराठी गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘हिमालयातले बांज ओक २०५० पर्यंत नष्ट होणार, माळव्यात त्याच्या बिया लावून ते वाचवा.’ मीही तो न तपासता पुढे पाठवला होता, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

अशी भाकिते ज्या प्रारूपांवरून (संगणकीय मॉडेलांवरून) केली जातात, ती प्रारूपे झाडे मोजत नाहीत. झाडाची नोंद जिथे आहे तिथले तापमान आणि पाऊस पाहून, तसे हवामान पुढे कुठे असेल याचा अंदाज बांधतात. साधारण १२०० ते २३०० मीटर उंचीवर वाढणाऱ्या बांजाला अनुकूल पट्टा वर सरकू शकतो आणि खालच्या उतारांवर आक्रसू शकतो. खरी काळजी ही, की पट्टा सरकला तरी झाड त्याच्यामागे सरकू शकेल का. ओकचे फळ जड असते, पक्षी आणि उंदीर नेतील तेवढेच ते दूर जाते आणि वाळले की रुजत नाही. उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरहून मी आणलेली चार फळे इंदूरला पोहोचेपर्यंत वाळून, देठाकडच्या टोपीतून सुटून खुळखुळू लागली होती. एकही रुजले नाही. शिवाय चाऱ्यासाठी होणारी फांद्यांची तोड आणि वणवे हे संकट आजचेच आहे.

इंदूर जेमतेम ५५० मीटर उंचीवर असून इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे इथे लावून बांज वाचणार नाही. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.