मोटरसायकल सांगितली म्हणून रेशन जात नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जनगणनेबद्दल एक मेसेज फिरतोय. भाऊबंदांच्या ग्रुपवर येतो, बचत गटाच्या ग्रुपवर येतो, शाळेच्या पालक ग्रुपवरही येतो. मेसेज लांबलचक आहे, पण सांगणं एवढंच: ‘जनगणनेवाले आले तर फ्रिज, मोटरसायकल, पक्कं घर काही सांगू नका. सांगितलं की रेशन बंद, घरकुल बंद, लाडक्या बहिणीचे पैसे बंद. ओटीपी मागून खातं साफ करतील. नागरिकत्वाचे कागद मागतील. मातृभाषा मराठीच सांगा, अहिराणी सांगाल तर मराठीचा आकडा घटेल. फेब्रुवारीत गावात नसाल तर नाव कटेल. आणि आधार असताना मोजायचंच कशाला?’

मेसेज पुढे ढकलणारे सगळे खोटारडे नाहीत. यातल्या एका भीतीला तर खरा इतिहास आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

‘फ्रिज, मोटरसायकल सांगितली की रेशन आणि घरकुल बंद.’

या वाक्यातला फ्रिजच मेसेजचा उगम सांगून टाकतो. जनगणनेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे घरयादीत, 33 प्रश्न आहेत. भिंत कशाची, छत कशाचं, खोल्या किती, पाणी कुठून येतं, संडास आहे का, चूल कशावर पेटते, रेडिओ, टीव्ही, इंटरनेट, मोबाईल, सायकल, मोटरसायकल, कार, घरात मुख्य धान्य कोणतं खातात, असे ते आहेत. फ्रिज त्यात नाहीच. फ्रिजचा प्रश्न होता तो सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात. तेही 2011 सालीच सुरू झालं, त्यामुळे लोकांच्या डोक्यात दोन्ही एक झाले. त्या सर्वेक्षणात फ्रिज, मोटरसायकल, पन्नास हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड यांतलं काही आढळलं, की ते कुटुंब घरकुलाच्या यादीतून आपोआप बाहेर पडायचं. ज्याच्या दारात जुनी, अर्धी बिघडलेली गाडी होती त्याचं घरकुल खरंच गेलं. त्याचा राग मला समजतो.

पण ते सर्वेक्षण जनगणना कायद्याखाली नव्हतंच. योजनांसाठी वापरायची म्हणूनच ती माहिती गोळा केली होती, आणि लोकांना तसं सांगितलंही होतं. जनगणना चालते 1948 च्या कायद्यावर. त्याच्या कलम 15 प्रमाणे तुमच्या घराची नोंद कुणाला तपासायला मिळत नाही आणि पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तहसीलदाराला तुमचं रेशन कार्ड रद्द करायचंच असेल, तर त्याला दुसरे मार्ग आहेत. जनगणनेची तुमची नोंद त्याच्या कामाची नाही.

लाडक्या बहिणीचंही तसंच. चारचाकी असलेल्या घरांची पडताळणी झाली, अंगणवाडी ताई दारात आल्या, हे खरं आहे. पण ती यादी परिवहन खात्याकडच्या वाहन नोंदींवरून निघाली होती. गाडी तुमच्या नावावर आहे हे सरकारला आरटीओकडूनच कळतं. त्यासाठी जनगणनेच्या कामाला लावलेल्या गुरुजींना दारोदार पाठवायची गरज नाही.

रेशनच्या बाबतीत तर मेसेज नेमका उलटा आहे. केशरी कार्डवाल्याने प्राधान्य कुटुंबात नाव घाला म्हणून अर्ज केला, घरात आलेल्या सुनेचं नाव वाढवायला गेला, की पुरवठा शाखेत काय उत्तर मिळतं? ‘इष्टांक संपला.’ हा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरलेला कोटा, येतो कुठून? 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण भागात देशभरात 75 टक्के आणि शहरी भागात 50 टक्के लोकांपर्यंत धान्य पोचवायचं ठरवलं, आणि माणसं किती हे जनगणनेच्या प्रसिद्ध आकड्यांवरून धरायचं असं कलम 9 मध्ये लिहिलं. शेवटची जनगणना 2011 ची. त्या हिशेबाने महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे 7 कोटी लाभार्थी आले, आणि आकडा तिथेच अडकून बसला. त्यानंतर जन्मलेली पोरं आता हायस्कूलला गेली, तरी धान्याचा कोटा त्यांच्या जन्माआधीच्या मोजणीवर चाललाय. रेशन वाचवायचं म्हणून घरातली माणसं लपवणारा माणूस पुढच्या कोट्यातली आपलीच जागा कमी करतोय.

असेच हिशेब आणखी आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर 30,000 लोकांमागे एक आणि आदिवासी, डोंगराळ भागात 20,000 मागे एक, असा निकष आहे. अक्कलकुवा, धडगावकडे एका केंद्राच्या वाट्याला किती पाडे येतात आणि पावसाळ्यात त्यातले किती तुटतात हे तिथल्या माणसाला सांगायला नको. वाढीव केंद्र मागायचं तर हातात आकडा लागतो.

‘ओटीपी मागून खातं साफ करतील.’

जनगणनेत बँक खातं, आधार क्रमांक, घरातल्या पैशाचा आकडा, यातलं काहीच विचारत नाहीत. मोबाईल नंबर विचारतात, तो जनगणनेच्या संपर्कापुरता. दारात आलेल्या प्रगणकाला, म्हणजे नोंद घेणाऱ्या कर्मचाऱ्याला, ओटीपी सांगायचा प्रसंगच येत नाही. तुम्ही जनगणनेच्या पोर्टलवर स्वगणना केलीत, म्हणजे घराची माहिती स्वतःच भरलीत, तर ओटीपी येतो, तो तुम्हीच तुमच्या मोबाईलवर टाकायचा. मग एक क्रमांक मिळतो, तेवढा प्रगणकाला द्यायचा. कुणी ओटीपी मागितलाच, तर तो माणूस जनगणनेचा नाही. त्याला ओटा उतरून जायला सांगा. ओळखपत्र बघायला मागायलाही संकोच नको. एरवी आपण वीजबिलवाल्यालाही दोनदा विचारतो.

‘नागरिकत्वाचे कागद मागतील.’

जनगणनेत कागद दाखवायचा नसतो. तुम्ही सांगाल ते लिहून घ्यायचं, एवढंच प्रगणकाचं काम. वय माहीत नसेल तर आजीबाई ‘अमक्या दुष्काळात जन्मले’ म्हणतात, तेही चालतं. मतदार यादीची पडताळणी निवडणूक आयोग करतो आणि तिचे नियम निराळे आहेत. गोंधळाचं एक कारण मात्र मान्य करायला हवं: 2010 मध्ये घरयादीबरोबरच राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचीही (एनपीआर, जिचं नाव पुढे नागरिकत्वाच्या वादात आलं) माहिती भरून घेतली होती. आताच्या 33 प्रश्नांत ती नाही.

याच कायद्यात एक गंमतीची तरतूद आहे. उत्तर देणं बंधनकारक आहे, टाळलं तर हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण रूढीने ज्याचं नाव घ्यायचं नाही अशा माणसाचं, अगदी नवऱ्याचंही, नाव सांगायची सक्ती बाईवर करता येत नाही. आपल्याकडच्या कितीतरी आज्या नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घ्यायच्या. त्यांची सोय 1948 सालीच करून ठेवलेली आहे.

‘मातृभाषा मराठीच सांगा.’

मेसेजमधलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ते आपल्याच माणसाने लिहिलेलं दिसतं. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती. शाळेत कोणती शिकलात, टपालावर पत्ता कोणत्या भाषेत लिहिता, हा प्रश्नच नाही. मराठी येते हे सांगायला वेगळा रकाना आहे, मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा त्यात लिहून घेतात. म्हणजे अहिराणी सांगितल्याने मराठी पुसली जात नाही.

2001 च्या जनगणनेत खानदेशी या गटात, ज्यात अहिराणी मोडते, सुमारे 20.75 लाख लोक नोंदले गेले. 2011 मध्ये 18.6 लाख. दहा वर्षांत दोन लाखांहून जास्त कमी. एवढी माणसं काही खानदेशातून उठून गेली नाहीत. माझा अंदाज असा, की दारात गुरुजी उभे असताना बऱ्याच जणांना ‘आमी अहिरानी बोलतस’ म्हणायची लाज वाटली, किंवा गुरुजींनी न विचारताच मराठी लिहून टाकलं. आणि मराठीच्या आकड्याची काळजी करणाऱ्यांनी हेही बघावं: 2011 मध्ये मराठी मातृभाषा सांगणारे 8.3 कोटी होते. अभिजात दर्जा मिळाला तो ऑक्टोबर 2024 मध्ये, आणि तो प्राचीन साहित्यावर मिळाला, डोकी मोजून नव्हे. पावरी, मावची, गुजरी, घरात जी बोलता ती सांगा. आणि प्रगणकाने काय भरलं ते मोबाईलवर वाचून दाखवायला सांगा.

‘आधार असताना मोजायचं कशाला?’

आधारला तुमचं बोट माहीत आहे, पण तुमच्या बाईला हंडा घेऊन किती लांब जावं लागतं ते माहीत नाही. विधानसभेच्या राखीव जागाही जनगणनेतल्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या चारही जागा आज अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, त्या 2001 च्या मोजणीवर बेतलेल्या मतदारसंघांत. यावेळी तर प्रत्येकाची जात नोंदली जाणार आहे, आणि जनगणनेतून सर्व जातींचे आकडे 1931 नंतर प्रसिद्ध झालेले नाहीत.

‘फेब्रुवारीत गावात नसाल तर नाव कटेल.’

नाव कटायला ही मतदार यादी नाही. तरी या ओळीमागची अडचण खरी आहे. दुसरा टप्पा, म्हणजे माणसांची मोजणी, फेब्रुवारी 2027 मध्ये आहे आणि हिशेबाचा क्षण 1 मार्चचा. नेमके तेव्हा चाळीसगावकडचे तांडे आणि साक्री, नवापूरकडचे पाडे ऊसतोडीला गेलेले असतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी बारडोली, सुरतकडे. नियम असा: मोजणीच्या काळात एखाद दिवस जरी घरी राहिलात तरी तुमची नोंद घरी होते. पूर्ण काळ बाहेर असाल, तर जिथे असाल तिथे होते. म्हणजे देशाच्या मोजणीतून तुम्ही सुटत नाही, पण गावाच्या आकड्यातून सुटता. ऊसतोडीच्या तालुक्यांवर यात अन्याय होतो असं माझं मत आहे. मोजणीची वेळ ठरवताना हंगामाचा विचार व्हायला हवा होता.

आता वेळ बदलणार नाही, तेव्हा करायचं काय ते सांगतो. देवाचं कार्य, लग्न, काही निमित्ताने त्या काळात घरी आलात, तर गुरुजींना निरोप देऊन नोंद घरीच करून घ्या, आणि ऊसतोडीच्या अड्ड्यावर परत गेल्यावर कुणी विचारलं तर ‘गावी झाली’ म्हणा. येणं जमत नसेल, तर मुकादमाला आधीच सांगून ठेवा की टोळी मोजून घेतल्याशिवाय पुढच्या फडावर हलवू नको. कोपीतल्या, म्हणजे तिथल्या झोपडीतल्या, तान्ह्या पोरासकट सगळ्यांची नावं द्या. शाळेसाठी आजी-आजोबांकडे ठेवलेली पोरं मात्र गावात मोजली जातील, त्यांची नावं कोपीत परत सांगू नका.