दुसरीत अजून एक वर्ष

पुतण्याला दुसरीतच आणखी एक वर्ष ठेवायचं का, यावर आमच्या कोल्हापूरच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर वाद पेटलाय. त्याचा जन्म डिसेंबरचा. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल पहिलीत बसतं, म्हणजे जूनमध्ये हा जेमतेम साडेपाच वर्षांचा होता. बाईंनीच सुचवलं, एक वर्ष मिळालं तर सावरेल. त्यावर वहिनी म्हणते, “पोरगं नापास झालं म्हणतील की सगळी राजारामपुरी!”

दादानं वहीचा फोटो टाकलाय. ‘भ’ आणि ‘म’ची अदलाबदल, अक्षरं ओळ सोडून खाली घसरलेली, एका जागी खोडून खोडून कागद फाटलाय. या पोराला तिसरीत ढकलायची एवढी घाई कशाला? दुसरीत त्याला कुणी अडवणार नाही, हे खरं. पण राज्याच्या नियमांतल्या २०२३च्या बदलानंतर पाचवीत वार्षिक परीक्षा आहे, मग फेरपरीक्षा, आणि तीही बुडाली तर मूल त्याच वर्गात. तोवर कच्चं राहू द्यायचं आणि दहाव्या-अकराव्या वर्षी, सगळं कळायला लागल्यावर थांबवायचं?

इकडे बर्लिनमध्ये माझ्या मुलीच्या वर्गात पहिली-दुसरीची मुलं एकत्रच बसतात. कुणी तो टप्पा वर्षात संपवतं, कुणी दोनात, कुणी तीनात. मुलीनं तीन घेतली. तिची फेडरटाशे, म्हणजे पेन्सिलींची पिशवी, तीच; होर्ट, म्हणजे शाळेनंतरचं पाळणाघर, तोच, निम्म्या मैत्रिणीही त्याच. १९१७ साली शाहू महाराजांनी ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तिथं आज सात वर्षांच्या पोराच्या शिक्षणापेक्षा गल्लीची भीती मोठी व्हावी, याचा मला मनापासून राग येतो.

दादानं लिहिलं, “तिकडचं तिकडं ठेव. तुला हितं राहायचं नाही.” ते लागलं. कारण मुलीच्या त्या वर्षाबद्दल इथं मला एकानंही विचारलं नाही. तेव्हा बरं वाटलं होतं. पण जिन्यात भेटणाऱ्या कुणाला ती कितवीत आहे हेही ठाऊक नाही, आणि कोल्हापुरात भाजीवालीसुद्धा पोराचं नाव घेऊन चौकशी करते. ती चौकशी मला हवी आहे, तिच्या धाकानं घेतलेला निर्णय नको.

दादा, मी तिथं राहत नाही, पण त्याचा काका आहे. सोमवारी बाईंना भेट, आणि शाळेला लेखी अर्ज दे.