घरातले की कलमांतले?

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या कोकणातल्या गावात कुत्र्यांविषयी एक ठराव चर्चेला आला. प्रत्येक घरात जास्तीत जास्त दोन कुत्रे असावेत, प्रत्येक कुत्र्यासाठी वर्षाला 50 रुपये भरून परवाना घ्यावा आणि ज्याचा परवाना नाही तो कुत्रा भटका समजावा, असे त्याचे स्वरूप होते. शाळेच्या वर्गात बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या मंडळींपैकी बहुतेकांनी मान डोलावली, कारण गेल्या वर्षभरात चावे घेण्याचे प्रकार खरोखरच वाढले आहेत. मग मागच्या बाकावरचे एक वयस्कर बागायतदार उठले आणि म्हणाले, "माझ्या कलमांत चार कुत्रे आसत. ते घरातले म्हणायचे की कलमांतले?" कलमे म्हणजे आमच्याकडे आंब्याची बाग. सभा हसली. उत्तर मात्र कोणाकडेच नव्हते, आणि ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला.

त्या प्रश्नावर मी गेले काही आठवडे विचार करीत आहे. मी परवान्याच्या बाजूने आहे, संख्येच्या मर्यादेच्या विरोधात आहे, आणि ठरावातील तिसऱ्या वाक्याला तर माझा ठाम विरोध आहे. त्यामुळे दोन्हीकडची मंडळी माझ्यावर नाराज आहेत. तरीही लिहिते.

दोनचा आकडा आला कोठून? चौकशी केली तेव्हा कळले की कोणीतरी मोबाइलवर गाझियाबादची बातमी वाचली होती. तेथील महानगरपालिकेने 2022 मध्ये एका कुटुंबाला एकच कुत्रा, असा नियम केला आणि पिटबुल, रॉटवायलर व डोगो अर्जेंटिनो या तीन जातींवर बंदी घातली. शहराच्या दृष्टीने अशा नियमामागे काही विचार असू शकतो. सामाईक भिंती, एकच लिफ्ट आणि खालच्या मजल्यावर लहान मुले असतात तेथे संख्या हाच उपद्रव होतो. 2025 च्या फेब्रुवारीत पुण्यात हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरी आढळल्या, तेव्हा शेजाऱ्यांना प्राणिप्रेमाचे धडे देण्यात काहीच अर्थ नव्हता. परंतु संपूर्ण देशाला लागू होईल अशी पाळीव प्राण्यांची मर्यादा कोणत्याही केंद्रीय कायद्यात नाही. जेथे ती आली, तेथे ती त्या त्या शहराच्या गरजेतून आली. आपली गरज कोणती, हे आधी आपण पाहायला हवे होते.

आमच्याकडे घर म्हणजे चार भिंती नव्हेत. घर, पडवी, खळे, गोठा, त्यामागे परसू आणि तेथून अर्धा तास चालत गेल्यावर सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरची, कलमे, असा एकेका कुटुंबाचा पसारा असतो. मोहोर आला की वानरांच्या टोळ्या उतरतात, रात्री रानडुकरे येतात आणि मार्चपासून चोरांचीही भीती असते. या सर्वांवर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भुंकणारा कुत्रा. ज्याच्या तीन ठिकाणी बागा आहेत त्याला प्रत्येक बागेत निदान एक तरी कुत्रा हवाच, शिवाय बिबट्या त्यांतला एखादा कधी उचलून नेईल याचा नेम नसतो. अशा माणसाला दोनचा आकडा सांगणे म्हणजे एक बाग उघडी टाक, असे सांगण्यासारखे आहे.

खरी गुंतागुंत मात्र याहून पुढे आहे. हापूसच्या बागा राखायला नेपाळी राखणदार येतात, हे देवगड-रत्नागिरीकडच्या कोणालाही सांगायला नको. कलमांतल्या खोपीत ते हंगामभर राहतात, कुत्रे पाळतात, आपल्या ताटातला भात त्यांना घालतात आणि त्यांना नावेही ठेवतात. पाऊस सुरू झाला की राखणदार गावी जातो. कुत्रा येथेच राहतो. दोन-चार दिवस तो रिकाम्या खोपीच्या दाराशी बसतो, मग भूक लागली की उतरून वाडीत येतो. जून-जुलैमध्ये आमच्या एस. टी. थांब्याजवळ जे नवे "भटके" दिसू लागतात, त्यांतल्या काहींच्या गळ्यात अजून सुतळीचा पट्टा असतो. यांचा मालक कोण? हंगामापुरता राखणदार, की ज्याची बाग त्या कुत्र्याने राखली तो बागायतदार? माझ्या मते बागायतदारच, परंतु ग्रामसभेत ही गोष्ट बोलून दाखवायला कोणी तयार नव्हते, कारण पहिल्या दोन बाकांवर बागायतदारच बसले होते.

आता ठरावातील तिसरे वाक्य पाहा. परवाना नसेल तर कुत्रा भटका! ज्याला जबाबदारी नको आहे त्याच्यासाठी याहून सोयीची पळवाट दुसरी नसेल. पन्नास रुपये भरले नाहीत की कुत्रा आपोआप गावाचा झाला. त्याने उद्या कोणाला चावा घेतला तर मालक हात झटकून मोकळा, आणि लस व निर्बीजीकरणाचे ओझे सर्वांच्या डोक्यावर. वस्तुतः प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 यांत पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन आणि निर्बीजीकरण यांची जबाबदारी मालकावरच टाकलेली आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली शिक्षाही होऊ शकते. कायद्याने मालकाच्या गळ्यात घातलेली ही जबाबदारी गावाच्या ठरावाने काढून घेण्याचे कारण मला समजत नाही.

मर्यादेचाही परिणाम शेवटी हाच होणार. कुत्री व्यायली की चार-पाच पिल्ले होतात. त्यांतली सगळी देता येत नाहीत. "दोनपेक्षा जास्त नको" असे म्हटले की उरलेली पिल्ले पोत्यात घालून रात्री बंदरावर सोडली जातील. हा माझा कल्पनाविलास नाही, गेल्या वर्षी मासळीच्या लिलावाच्या जागेमागे मी स्वतः असे पोते सोडवले आहे. बंदरावर वाढलेला कुत्रा मासळीच्या कचऱ्यावर जगतो आणि हिवाळ्यात किनाऱ्यावर फिरू लागतो, तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी उकरतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवांच्या अंड्यांचे जे राखण उभे केले, त्यात अंडी सुरक्षित जागी हलवून कुंपण घालावे लागले ते माणसांपासून आणि कोल्ह्या-कुत्र्यांपासूनही. म्हणजे घरातला आकडा दोनवर ठेवून आपण तिसरा किनाऱ्यावर पाठवणार, एवढेच. जास्त पिल्ले नको असतील तर मादीचे निर्बीजीकरण करावे लागते. वहीत दोनचा आकडा लिहून तिचे व्याणे थांबत नाही.

परवाना मला का हवा, हे सांगण्यासाठी माझीच चूक सांगावी लागेल. दोन वर्षांपूर्वी आमच्या मोत्याने शेजारच्या सात वर्षांच्या मुलाच्या पोटरीला दात लावले. मुलगा खळ्यात वाळत घातलेली आमसुले उचलायला वाकला होता आणि मोत्या तेथेच झोपला होता. जखम ओरखड्याएवढीच होती, पण रक्त आले होते. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे पाय धुतला. मुलाची आई आली आणि तिने एकच प्रश्न विचारला, "लस दिलास मा ह्येका?" मी हो म्हणाले. केव्हा, ते मला सांगता येईना. घरात कागद शोधला तेव्हा शेवटची तारीख त्या दिवसाच्या अडीच वर्षे आधीची निघाली. त्या मुलाला पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दवाखान्यात जावे लागले, आणि त्यातले पहिले दहा दिवस मोत्याला बांधून ठेवून मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. मोत्याला काही झाले नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचण्याची आशा जवळजवळ नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. ठाऊक असूनही लस चुकली, कारण तारखेची आठवण करून देणारे कोणी नव्हते.

म्हणून परवाना असावा, पण तो लसीच्या तारखेला बांधलेला असावा. लस दिली की त्याच ठिकाणी परवाना, त्याच ठिकाणी पट्ट्याला क्रमांकाचा बिल्ला. शुल्क नाममात्र किंवा नसलेले बरे. ब्रिटनमध्ये कुत्र्याच्या परवान्याचे शुल्क वर्षानुवर्षे 37 पेन्सच राहिले आणि 1987 मध्ये तो परवानाच रद्द झाला. वसूल करण्याच्या खर्चाएवढीही रक्कम हाती येत नसेल तर तो कागद कोणासाठी ठेवायचा? आमच्याकडे पन्नास रुपयांच्या पावतीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून ग्रामपंचायतीत कोण येणार आहे? त्यापेक्षा पशुवैद्यकांना घेऊन वाडीवाडीत जावे.

शेजारच्या गोव्याने हेच केले. तेथे 2014 पासून मिशन रेबीज या संस्थेच्या तुकड्या घरोघरी गेल्या, रस्त्यावरचे कुत्रे जाळ्याने धरून त्यांना लस दिली आणि लस दिलेल्यावर रंगाची खूण केली. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचे साधे गणित. 2021 मध्ये गोव्याला रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करण्यात आले. त्यासाठी कोणाच्या पडवीत किती कुत्रे बसले आहेत, याला मर्यादा घालावी लागली नाही.

या सर्व गोष्टी मी लेखी अर्जात मांडल्या आहेत आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो वाचला जावा, अशी विनंती केली आहे. अर्ज देण्यापूर्वी आमच्या वाडीपुरती वही घालून मी घरोघरी फिरले. रकाने चार: कुत्र्याचे नाव, नर की मादी, शेवटची लस, मालक. तिसरा रकाना बहुतेक रिकामाच राहिला, हे अपेक्षित होते. चौथ्या रकान्यात गंमत झाली. मोडक्या कानाचा काळू तीन घरी जेवतो, आणि तिन्ही घरांनी आधी "आमचो नाय" म्हटले. लस फुकट मिळेल असे सांगितल्यावर दोन घरांनी आपले नाव लिहायला सांगितले, तेव्हा मी दोन्ही लिहिली. सड्यावरून उतरलेल्या टायगरच्या नावापुढचा रकाना अजून कोराच आहे. ज्यांची बाग त्याने दोन हंगाम राखली त्या बागायतदारांना मी शनिवारी फोन केला होता. बघतो, म्हणाले.