ताडोब्यात अदृश्य कसे व्हावे

सफारीचं बुकिंग झालं ना? मग आता खरं काम, खरेदी. जंगलात रंग म्हणजे जीव की प्राण, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलेलंच आहे. तेव्हा हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा शर्ट घ्या, तशीच पँट, तशीच टोपी आणि लेन्सलाही तसलंच आंगडं. घरात सहा माणसं असतील तर सहा सेट. पहाटे मोहर्लीच्या गेटवर पोहोचलात की तुमच्यासारखीच बरीच झुडपं चहा पिताना भेटतील.

वाघाला कुणी दुकानात नेलं नव्हतं, म्हणून तो असा भडक नारिंगी राहिला. तुम्ही त्याला हसू शकता. सस्तन प्राण्याच्या केसात हिरवा रंग तयारच होत नाही. काळा-तपकिरी आणि पिवळा-तांबूस, एवढ्या दोन डब्यांत सगळं भागवावं लागतं. पण चितळाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशीही दोनच प्रकारच्या. नारिंगी आणि हिरवा यांतला फरक त्याला फारसा कळत नाही. त्यात काळ्या पट्ट्यांनी अंगाची कड मोडलेली, त्यामुळे वाळल्या गवताच्या सावल्या कुठे संपल्या आणि जनावर कुठे सुरू झालं, ते त्याला उशिरा उमगतं. पंचाईत होते ती वानरांमुळे. त्यांच्या डोळ्यात आपल्यासारख्या तीन प्रकारच्या पेशी असतात, त्यामुळे झाडाच्या शेंड्यावरून त्यांना तो नारिंगी ढळढळीत दिसतो आणि ती खाकरायला लागतात. गाइड कान टवकारून ‘कॉल आहे’ म्हणतो तो हाच. नेमक्या त्या क्षणी तुम्ही ‘कुठंय? कुठंय?’ असं दणदणीत विचारायचं आणि चिवड्याची पिशवी फोडायची.

(चितळापुरतं बोलायचं तर तुम्ही नारिंगी झब्बा घालून आलात तरी चाललं असतं. पण पैसे देऊन झालेत, जाऊ द्या.)

आता रातवा. हा पक्षी घरटं बांधत नाही. सरळ जमिनीवर, पाचोळ्यात अंडी घालतो आणि त्यांच्यावर बसून राहतो. पिसांवर राखाडी, बदामी, काळपट अशी बारीक नक्षी, जळक्या फांदीचा तुकडा पडलाय असं वाटावं. रात्री उडणारा पक्षी, त्यामुळे डोळे भलेमोठे, आणि चमकणारा डोळा घात करतो. म्हणून तो दिवसा पापण्या मिटून बारीक फट तेवढी ठेवतो. तुम्ही चालत येताय हे त्या फटीतून त्याला दिसत असतं. तरी हलत नाही. पाय अगदी अंगावर पडायची वेळ आली की मगच भुर्रकन उठतो. पिसांइतकाच हा न हलण्याचा भाग त्याला वाचवतो. अर्थात तुमच्या पॅकेजमध्ये तो नाही. दुकानदार फक्त नक्षी विकतो. तासभर मांडी न हलवता बसणं ही ज्याची त्याची जबाबदारी.

सरड्यावरचा राजकीय विनोद तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलाच असेल, तो इथे गृहीत धरा. घोयरा सरडा काही शेजारचं पान बघून रंग जुळवत बसत नाही. ऊन, थंडी, राग, भीती, समोरचा नर, यांवर त्याचा बराचसा रंग ठरतो. लपण्यासाठी त्याची चाल जास्त कामाची: एक पाय उचलायचा, वाऱ्यावर पान डुलावं तसं पुढेमागे झुलायचं, मग पाय टेकायचा. बागेतला साधा सरडा तर विणीच्या दिवसांत डोकं-गळा लालभडक करून कुंपणावर जोर मारतो. त्याला लपायचंच नसतं. हे तंत्र तुम्हाला सेल्फी काढताना उपयोगी पडेल.

एवढं करूनही लपणं जमलं नाही, तर दुसऱ्याचा गणवेश चोरा. कवड्या साप बिनविषारी, पण अंगावर मण्यारीसारखे आडवे पट्टे. नीट पाहिलं तर कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात; मण्यारीचं नेमकं उलटं, पुढे पुसट आणि मागे स्पष्ट. कवड्या भिंतीवरही सहज चढतो, पालींच्या मागे घरात येतो आणि रात्री बाथरूमच्या खिडकीत तुम्हाला भेटतो. विषारी सापाचा वेश जंगलात कामाला येत असेल, पण इथे बघणारा माणूस आहे आणि त्याच्या हातात काठी आहे. जितकी नक्कल हुबेहूब, तितकं मरण लवकर.

अशा वेळी पट्टे कुठे ठळक आहेत हे वाकून बघत बसू नका, तो खरंच मण्यार असू शकतो. लांब उभं राहावं, दार लावावं, सर्पमित्राला फोन करावा. पण हा झाला कंटाळवाणा मार्ग. तुम्ही आधी व्हिडिओ काढा. सर्पमित्राने कवड्या आहे असं सांगून त्याला बरणीत भरलं, तरी ग्रुपवर टाकताना मण्यारच लिहा. कवड्याला लाइक कोण देणार?