बदला घ्यायचाय? आधी टाकी फुल करा

गेल्या शनिवारी आमच्या न्यू जर्सीतल्या घराजवळच्या पंपावर मी बावीस मिनिटं रांगेत होतो. भाव एका रात्रीत वर गेला होता आणि उद्या आणखी चढेल या धास्तीनं अख्खं गाव टाक्या भरायला लोटलं होतं. इथं गिऱ्हाइकानं नळीला हात लावायचा नाही असा 1949 पासूनचा कायदा, त्यामुळे पोरगा एक आणि गाड्या आठ. माझ्या पुढ्यात पिकअप ट्रक. एवढा उंच, की त्याची मागची फळी माझ्या गाडीच्या टपाला लागत होती. आत माणूस एक. मागचा हौदा कोराकरकरीत, त्यात जन्मात कधी वाळूचं घमेलंही पडलं नसावं. इंजिन पूर्ण वेळ चालू. आणि बंपरवर, बरोबर माझ्या नाकासमोर, जुळ्या मनोऱ्यांचं चित्र. खाली लिहिलेलं: आम्ही कधीच विसरणार नाही.

बावीस मिनिटं तेवढंच वाचत बसलं की माणसाला काहीतरी सुचतंच. तेव्हा दहशतवादाविरुद्ध कणखर धोरण हवं, पण गाडी दिवाणखान्याएवढीच हवी, अशा समस्त सज्जनांसाठी या चार हिताच्या गोष्टी.

सोयरीक आधी जमवा, चौकशी मागाहून करा. 14 फेब्रुवारी 1945 ला सुएझ कालव्याच्या वाटेवरच्या ग्रेट बिटर सरोवरात, क्विन्सी या युद्धनौकेवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आणि सौदी राजे इब्न सौद भेटले. राजेसाहेब प्रवासाला निघताना बोटीवर जिवंत मेंढ्या घेऊन आले होते. रूझवेल्टनी त्यांना आपली जादाची चाकांची खुर्ची भेट दिली. तुमचं तेल, आमची राखण, असा तो संसार आजतागायत चाललाय. तारीख पाहिलीत ना? व्हॅलेंटाइन डे.

‘ऊर्जा सुरक्षा’ हा शब्द घोटून पाठ करा. भाषणात ‘लाचारी’ बरं दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: गुन्हा घडलाच, तर वाचायचं काय आणि मिटून ठेवायचं काय, हे आधी ठरवा. 11 सप्टेंबर 2001 ला विमानं पळवणारे 19 जण होते, त्यांतले 15 सौदी. इथं एखादा भाबडा माणूस चौकशीची सुरुवात कुठून करायची ते लगेच सांगेल. तुम्ही तसं करू नका, इराक शोधा. संसदेच्या संयुक्त समितीनं 2002 मध्ये अहवाल केला. त्यात हल्लेखोरांना परदेशातून, म्हणजे मुख्यतः सौदीकडून, मदत झाली असावी का, याबद्दलची 28 पानं होती. बुश सरकारनं ती पानं झाकून टाकली. ज्यांची माणसं गेली ते लोक अर्ज करत राहिले. बुश गेले, ओबामा आले, ओबामांचीही मुदत संपत आली, तेव्हा कुठे जुलै 2016 मध्ये ती पानं बाहेर आली. तीही ठिकठिकाणी काळं फासून! 28 पानांना साडेतेरा वर्षं. आमच्या तलाठ्यालासुद्धा सातबारा द्यायला एवढा वेळ लागला नव्हता, आणि त्यानं आम्हाला रडवलं होतं. बरं, न्याय करायचा म्हणून हेही सांगतो, की सौदी सरकारनं संस्था म्हणून किंवा वरिष्ठ अधिकाऱ्यांनी व्यक्तिशः अल कायदाला पैसा दिल्याचा पुरावा मिळाला नाही, असं 9/11 आयोगानं म्हटलंय. त्याच वाक्यात, सौदी अरेबिया हा अल कायदाच्या पैशाचा मुख्य स्रोत मानला जातो, असंही म्हटलंय. वाक्याचा कुठला अर्धा भाग मोठ्यानं वाचायचा, ते भावफलक बघून ठरवा. पुढे 2016 च्या सप्टेंबरात या कुटुंबांना सौदी सरकारवर दावा लावता यावा असा कायदा आला. ओबामांनी तो अडवला. संसदेनं त्यांचा नकार उडवून लावला, सिनेटमध्ये 97 विरुद्ध 1. वा! ताठ कणा! आणि त्याच दिवशी 28 सिनेटरांनी पत्र काढलं, की या कायद्याचे नको ते परिणाम तर होणार नाहीत ना, याची आम्हाला काळजी वाटते. पानं 28, घाबरलेले सिनेटर 28. पत्रिका जुळली.

शत्रूचा पत्ता नीट लिहून ठेवा, कधी गरज पडेल सांगता येत नाही. व्हेनेझुएलाचा तेव्हाचा अध्यक्ष मादुरो याच्यावर अमेरिकेनं 2020 मध्ये अमली पदार्थ आणि दहशतवाद असा जोडगुन्हा लावून दीड कोटी डॉलरचं बक्षीस ठेवलं. 2022 च्या मार्चमध्ये रशियाचं तेल बंद करायची वेळ आली, तशी अमेरिकेची माणसं थेट कराकसला जाऊन त्याला भेटून आली. बक्षीस कोणी मागितलं नाही. नोव्हेंबरात तिथून तेल काढायची परवानगी मात्र निघाली.

निवडणुकीत गर्जना करा. बायडेन म्हणाले होते, पत्रकार खशोगीच्या खुनाबद्दल सौदीला वाळीत टाकू. जुलै 2022 मध्ये, पेट्रोल गॅलनला पाच डॉलरवर जाऊन आल्यावर, ते सौदीतल्या जेद्दाला गेले आणि ज्या युवराजानं ती कारवाई मंजूर केली असं त्यांच्याच गुप्तचर खात्यानं लिहिलं होतं, त्याच्या मुठीला मूठ लावून आले. ऑक्टोबरमध्ये ओपेक या तेलवाल्या देशांच्या संघटनेनं आणि तिच्या मित्रमंडळींनी दिवसाला 20 लाख बॅरलची कपात जाहीर केली. मूठ झाकलेलीच ठेवली असती तर निदान सव्वा लाखाची राहिली असती. आणि ट्रम्प? ते गर्जनेच्या भानगडीत पडत नाहीत. खुनाची गोष्ट निघाली की, होतं असं कधीकधी, म्हणून मोकळे.

गोल्फ खेळा. जुलै 2022 मध्ये आमच्याच बेडमिन्स्टरला, ट्रम्प यांच्या मैदानावर, सौदी सरकारी पैशाची स्पर्धा झाली. 9/11 मध्ये ज्यांची माणसं गेली त्यांनी निदर्शनं केली. तिथून लिबर्टी स्टेट पार्क मोटारीनं तासाभरावर आहे. तिथल्या स्मारकाच्या भिंतींवर न्यू जर्सीच्या सातशेहून अधिक लोकांची नावं कोरली आहेत.

कोणी म्हणेल, आता अमेरिकाच जगात सगळ्यात जास्त तेल काढते, दिवसाला 1 कोटी 30 लाख बॅरलच्या आसपास, मग भीती कसली? अहो, तेल टेक्सासचं असलं तरी भाव जगाच्या बाजाराचा. आणि मनात आलं की नळ सोडायचा, मनात आलं की आवळायचा, एवढं शिल्लक तेल हाताशी ठेवून बसणारा मुख्यतः सौदीच. तेव्हा तुम्ही खोदा हवं तेवढं. गाडी जोवर पंधरा मैलांना गॅलन पिते, तोवर नमस्कार रियाधलाच घालावा लागणार.

इथपर्यंत मी हसत लिहीत होतो. पण डिसेंबर 2009 ची एक गुप्त तार पुढच्या वर्षी फुटली, तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांच्या सहीची. जगभरच्या सुन्नी दहशतवादी गटांना सगळ्यात जास्त पैसा सौदीतल्या देणगीदारांकडून जातो, असं तीत स्वच्छ लिहिलं होतं. गटांच्या नावांत अल कायदा होती, तालिबान होती आणि लष्कर-ए-तय्यबा होती. माझा मावसभाऊ 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसटीवरून नऊच्या सुमाराची लोकल पकडून निघाला, म्हणून आज आहे. तार लिहून वर्षही झालं नव्हतं, तोच ऑक्टोबर 2010 मध्ये त्याच सरकारनं सौदीला 60 अब्ज डॉलरपर्यंतची शस्त्रं विकायचं ठरवलं. माहीत होतं. लिहून ठेवलं होतं. वर सही होती!

आणि आपण तरी कुठले शहाणे? 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामा झालं. त्यानंतर चार दिवसांच्या आत सौदी युवराज इस्लामाबादला जाऊन 20 अब्ज डॉलरचे करार करून आले, आणि 19 तारखेला दिल्लीच्या विमानतळावर आपण त्यांना मिठी मारली. 85 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणणाऱ्याला मिठी मारण्यावाचून दुसरं काय जमतं?

तर पुढच्या ट्रकवाल्या बाबा, आता सरळ सांगतो. तुला काहीही आठवत नाही. तुझ्या बंपरला आठवतंय, तुला नाही. पेट्रोलवर दहा सेंट कर लावतो म्हणणाऱ्याला तू पुढच्या निवडणुकीत घरी बसवतोस, म्हणून वॉशिंग्टनमधला प्रत्येक जण, पक्ष कुठलाही असो, रियाधला जाऊन वाकतो. तो तुझ्यासाठी वाकतो. 1973 मध्ये अरब देशांनी तेलबंदी केली, तेव्हा 1974 च्या सुरुवातीला याच देशानं महामार्गावर ताशी 55 मैलांची मर्यादा आणली होती. तीसुद्धा तुम्हाला सोसली नाही, 1995 मध्ये काढून टाकलीत. आणि इथल्या, आपल्या लोकांनी भरलेल्या एडिसन गावातल्या माझ्या भावांनो, दारात तीन-तीन गाड्या उभ्या करून ग्रुपवर ‘26/11 विसरू नका’चे मेसेज ढकलणं बंद करा. त्या तीनांतली एक माझीही आहे, म्हणजे माझ्या दारातली, आणि दूध आणायला अर्धा मैल मी तिच्यातूनच जातो. लाज वाटते.

पण अरे, रांगेत उभा आहेस ना? पुढची गाडी हललेली नाही, पोरगा अजून दोन गाड्या पलीकडे आहे, बाहेर ऊन नाही, थंडी नाही.

इंजिन बंद कर.