‘आमच्या वेळी बोट कापलं तरी कोणी बोंबललं नाही’: प्रतिक्रियेला उत्तर

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांमधल्या सुरक्षासंस्कृतीवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन. सुरक्षितता म्हणजे अक्कल शाबूत ठेवणं, त्याला ‘संस्कृती’ म्हटलं की नुसती कागदपत्रं वाढतात. आणि हात काळे केल्याशिवाय इंजिनिअर घडत नाही, माझ्यासारखे लोक मुलांना भित्रं करून ठेवतात. शीर्षकातलं वाक्यही तुमचंच.

कागदपत्रांचं म्हणणं मला मान्य आहे. सत्राच्या सुरुवातीला साठ जण एका फॉर्मवर सह्या करतात, फॉर्म फाइलला लागतो, पुन्हा कोणी उघडत नाही. सही झाली म्हणजे जबाबदारी संपली असं सगळ्यांनाच वाटू लागतं, हे तर जास्त वाईट. माझ्या लेखात हे यायला हवं होतं.

पण अक्कल पुरते, हे मला पटत नाही. नवख्या मुलाला लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा गरागरा फिरवत कापायच्या मशीनवर, उभं करा. हाताला लागू नये म्हणून तो आपणहून हातमोजे चढवेल. अक्कल त्याला तेच सांगते. आणि फिरत्या चकजवळ (तुकडा धरून फिरवणाऱ्या पकडीजवळ) हातमोजा घातक असतो: तो गुंतला की पाठोपाठ हात आत ओढला जातो. हे आधी कुणीतरी सांगावं लागतं. 2011 मध्ये येल विद्यापीठात शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रात्री उशिरा वर्कशॉपमध्ये एकटीच काम करत होती. तिचे केस लेथमध्ये अडकले आणि ती गेली. मशीन बंद करायला शेजारी कोणी नव्हतं.

हात काळे करण्याबद्दलही बोलू. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात विद्यार्थी दरवर्षी हजारो ओंडक्यांचा मनोरा स्वतः रचत आणि मग तो पेटवत. ओंडके तोडण्यापासून सगळं काम त्यांचंच, आणि कसं रचायचं हे सीनियरांकडून ज्युनियरांकडे तोंडी येत गेलेलं. 1994 मध्ये रचना एकदा कोसळली. ‘पावसाने जमीन भिजली होती’ एवढं म्हणून विषय सोडून दिला गेला आणि मनोरा पुन्हा उभा राहिला. 18 नोव्हेंबर 1999 च्या पहाटे, काम चालू असतानाच, तो पुन्हा कोसळला. 12 जण मेले, 27 जखमी झाले. ही मुलं भित्री नव्हती, आळशीही नव्हती.

माझ्या मनात मात्र एक छोटा प्रसंग घर करून आहे. एका विद्यार्थी-संघाबरोबर मी काम करत होतो. स्पर्धा नऊ दिवसांवर, रात्रीचे अकरा वाजलेले. एकाने जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकमध्ये घट्ट केला आणि चक आवळायची चावी, चक-की, चकमध्येच राहिली. दुसऱ्याने लेथ चालू केला. की सुटली ती मागच्या पत्र्याच्या कपाटावर आदळली, अंगठा बसेल एवढा खळगा पडला. क्षणभर शांतता, मग सगळे हसले आणि कामाला लागले. मीही काही बोललो नाही. तीन आठवड्यांनी त्याच लेथवर दुसऱ्या एका मुलाकडून तीच चूक झाली आणि त्याच्या मनगटाचं हाड मोडलं. पहिल्या रात्रीची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. ते मला आजही सलतं.

नंतर आम्ही स्प्रिंगची की आणली. हात सोडला की ती आपोआप चकबाहेर येते. शिवाय दर शनिवारी दहा मिनिटं ‘या आठवड्यात काय थोडक्यात निभावलं’ एवढंच बोलायचं ठरवलं. दोन शनिवार कुणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या शनिवारी संघाच्या कॅप्टनने सांगितलं, की बॅटरीपॅक उघडताना बोटातली अंगठी काढायची तो विसरला होता आणि ती टर्मिनलला टेकता टेकता राहिली. पुढच्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या एका मुलीने त्याच कॅप्टनला चालू कामात ‘थांब, गॉगल नाहीये’ म्हटलं आणि तो थांबला. मी संस्कृती म्हणतो ती ही. तिला फॉर्म लागत नाही, आणि तिने कोणी भित्रं झालेलंही मी पाहिलं नाही.

आता एक विचारतो. ते बोट कोणत्या मशीनवर कापलं? तेव्हा शेजारी कोण होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर जो उभा राहिला त्याला कोणी काही सांगितलं होतं का? सविस्तर लिहा. तुमची परवानगी असेल तर येत्या शनिवारी मी ते मुलांना वाचून दाखवेन.