दहा टक्के प्रवासी

दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं परदेशाचं तिकीट बऱ्याच विमान कंपन्यांत मोठ्या माणसाच्या भाड्याच्या साधारण १० टक्क्यांत मिळतं. हे कानावर पडलं की सोलापुरातला कुठलाही बाप मनातल्या मनात हिशोब मांडतो आणि तिथंच फसतो. १० टक्के हे नुसतं भाडं झालं. उरलेले ९० टक्के बाळ सामान, कागदपत्रं आणि रडणं या रूपात वसूल करतं. शिवाय त्या १० टक्क्यांत खुर्ची मिळत नाही, मांडी मिळते. तीही आपलीच.

सात महिन्यांच्या लेकराला सिंगापूर आणि सोलापुरातला सात रस्ता चौक यांतला फरक कळत नाही. दोन्हीकडे त्याला वरचा पंखाच बघायचा असतो. "कुठं घेऊन जायलाव एवढ्याशा लेकराला?" हा आजीचा प्रश्न त्यामुळे तसा बिनतोडच. पण तिकिटं आधीच काढलेली असतात आणि ती परत होणार नसतात.

सुरुवात पासपोर्टपासून. बाळ आईच्या पासपोर्टवर जाईल हा गैरसमज अजूनही पेठांमधून जिवंत आहे. बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतो, स्वतःचा व्हिसा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो आणि खरी गंमत त्या दाखल्यातच आहे. दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बाळाला नावच नसतं. बारशाला पाच आत्या पाच नावं ठेवतात, घरात सहावंच चालू होतं आणि दाखल्यावरची नावाची जागा कोरी राहते. आधी महापालिकेत नाव चढवून घ्या, मग ऑनलाइन अर्ज भरा. आई-बापांची नावं दाखल्यावर एका स्पेलिंगची आणि पासपोर्टवर दुसऱ्या, असं असेल तर तेही आधीच निस्तरा. दोघांच्या सहीचं घोषणापत्र, म्हणजे अ‍ॅनेक्सर डी, लागतं. पासपोर्ट पाच वर्षं चालतो, म्हणजे चौथ्या वर्षी शाळेत जाणारं पोरगं टकलू गोळ्याच्या फोटोवर प्रवास करत असतं.

तो फोटो काढणं हे स्वतंत्र प्रकरण. मागे पांढरं, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर सावली नाही, धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. मान न धरणाऱ्या बाळाला स्टुलावर बसवायचा प्रयत्न करूच नका. खिडकीजवळ जमिनीवर पांढरं कापड ताणून अंथरा, बाळाला उताणं झोपवा आणि वरून, फ्लॅश न लावता, फोटो काढा. चाळीस काढलेत तर एक लागतो. इथं आपल्या गावाची एक अडचण होते. घरात चादरी डझनाने, पण पांढरी एकही नाही. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेल्या सोलापुरी चादरीच्या नक्षीवर निजलेलं बाळ कितीही गोड दिसो, व्हिसावाले ते परत पाठवतात.

आता बॅग. सोलापूरच्या विमानांच्या वाटेत येणारी होटगी रस्त्यावरची साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, २०२५ मध्ये विमानंही उडायला लागली, पण परदेशाला जायचं तर अजून मुंबई, पुणे नाहीतर हैदराबाद गाठावंच लागतं. वंदे भारतने मुंबई साडेसहा तास. पुढे टॅक्सी, विमानतळावर तीन तास आधी, सिंगापूरचं उड्डाण साडेपाच तासांचं, त्यात सगळीकडची खोळंबाखोळंबी. घराच्या उंबऱ्यापासून हॉटेलच्या खोलीपर्यंत २४ तास धरा. दर तीन तासांना एक डायपर म्हणजे आठ, वर निम्मे जास्तीचे, एकूण बारा. हे बाराही हातातल्या बॅगेत हवेत, कारण मोठी बॅग विमानाच्या पोटात असते आणि अडचण आपल्या मांडीवर. उरलेले तिथं विकत घ्या. सात दिवसांचे डायपर इथून नेणं म्हणजे कापूस निर्यात करणं. बाळाचे तीन जोड सगळेच घेतात. आई-बापाचा एकेक सदरा घ्यायला मात्र विसरतात आणि मग सिंगापूरच्या इमिग्रेशनसमोर दह्याचा वास घेऊन उभे राहतात. टॉवेल भरपूर घ्या. टॉवेलाच्या गावचे आहोत, तेवढी हौस परवडते.

आजी गुपचूप काय भरते, यावर मात्र करडी नजर ठेवा. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं काही नाही. धोका आहे तो बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांत, कारण त्यात खसखस असते. सिंगापूर आणि अमिराती या दोन्हीकडे खसखस बंदी घातलेल्या मालात मोडते, कारण ती अफूच्या बोंडातून निघते. कायद्यापुढे डिंकाचा लाडू आणि तस्कर यांत फारसा भेद उरत नाही. तेव्हा लाडू न्यायचेच तर बिनखसखशीचे करा. बाळगुटीची पुरचुंडीही घरीच बरी. वेखंड, मुरुडशेंग, काकडशिंगी, सागरगोटा ही मंडळी कोण, हे कस्टमच्या माणसाला इंग्रजीत समजावून सांगता येणार असेल तर गोष्ट वेगळी.

दुधाचं तसं सोपं आहे. हातातल्या सामानात द्रव पदार्थाला १०० मिलिलिटरची मर्यादा असते, पण बाळाच्या दुधाला आणि खाण्याला प्रवासापुरती सूट मिळते. तपासणीत ते वेगळं काढून दाखवा. पावडरचं दूध असेल तर एकेका वेळची पावडर मोजून छोट्या डब्यांत न्या. पाणी निदान ७० अंश गरम हवं, कारण पावडर निर्जंतुक नसते. तयार दूध दोन तासांच्या आत संपलं नाही तर टाकून द्या, मन घट्ट करून. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आई-बापांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, त्यांना देवाने सगळं दिलं आहे.

विमानात शिरताना कळसूबाई आठवा. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. विमानातली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तेवढी विरळ ठेवतात, म्हणजे साडेचारशे मीटरवरच्या सोलापुरातलं लेकरू अर्ध्या तासात कळसूबाईच्याही वर जाऊन बसतं. या एका गोष्टीतून पुढचे सगळे घोटाळे निघतात. बाहेरचा दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो, म्हणून बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळतं. बाटलीतली हवाही फुगते, म्हणून जमिनीवर घट्ट लावलेली बाटली वर उघडली की चिळकांडी थेट शेजारच्याच्या चष्म्यावर. चढण्याआधी बूच जरा सैल करा आणि बाटली उघडताना तोंड स्वतःकडे ठेवा. शेजारी अजून पाच तास शेजारीच असतो.

कानाचंही तेच. दडा पडद्याच्या आतल्या बाजूला बसतो, म्हणून बाहेरून कापूस कोंबून काही होत नाही, आजी कितीही म्हणाली तरी. आतली नळी गिळताना उघडते. बाळाला गिळायला लावणं हा एकच उपाय. चढताना पाजा, पण खरी वेळ उतरतानाची. जमिनीला लागायच्या अर्धा तास आधीपासूनच विमान खाली यायला लागतं, तोवर पुढची पाजणी राखून ठेवा. सगळे चढतानाच पोट गच्च भरून ठेवतात आणि उतरताना बाळ तोंड फिरवतं. सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. झोपेसाठी सर्दीचं सिरप देण्याचा सल्ला देणारा एक तरी नातेवाईक असतोच. ऐकू नका. धोका आहेच, शिवाय काही मुलं त्याने झोपण्याऐवजी जास्तच चेकाळतात.

पाळण्याची जागा तिकीट काढल्याबरोबर फोन करून मागा. पाळणा पहिल्या रांगेत, समोरच्या भिंतीला लागतो आणि पुष्कळ कंपन्यांत १०–११ किलोपर्यंतचंच बाळ घेतो. घरच्या तुपावर वाढलेल्यांनी आधी वजन करावं. उड्डाण आणि उतरणं मांडीवरच. मधे पट्ट्याचा दिवा लागला की झोपलेलं बाळ उचलून घ्यायचं. तो दिवा बाळ झोपल्यावर बरोबर चौथ्या मिनिटाला लागतो, असं माझं मत आहे.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, उतरण्याचा दिवस धरून, तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरता येतं. फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. बाळाचंही वेगळं भरा. चांगी विमानतळावर बाळांच्या खोल्या आहेत, त्यात गरम पाण्याचा नळसुद्धा आहे. शहरातल्या रेल्वेत खाणं-पिणं मना, दंड ५०० डॉलरपर्यंत, म्हणून बाटलीचं उरकूनच चढा. बाबागाडी तिथं लिफ्टने खाली-वर कौतुकाने फिरते. सोलापुरात ती बारशाला आल्यापासून माळ्यावर असते, कारण चालवायला फुटपाथ सापडत नाही. निघण्याआधी ती एका हाताने मिटायची घरी सवय करा. विमानाच्या दारात मागे रांग लागलेली असताना शिकण्याची ती विद्या नव्हे.

दिवसाला एकच ठिकाण. दोन लिहून ठेवलीत तर दुसऱ्याचं तिकीट वाया जाईल. आणि नळाचं पाणी तिथं थेट पिता येतं. चोवीस तास येतं हे लक्षात आल्यावर सोलापूरकर पहिले दोन दिवस उगीचच बादली भरून ठेवतो.

परत आल्यावर बाळाचं घड्याळ अडीच तास पुढेच चालू असतं. तिथला सकाळचा सहाचा ठोका आपल्याकडे पहाटे साडेतीनला पडतो आणि पुढचे तीन-चार दिवस बाळ त्या वेळी टक्क जागं होऊन पंखा बघत हसतं. त्या आठवड्यात नळाला पाणी येण्याची पाळी असेल तर घरातलं कुणीच काही बोलत नाही. तसंही कुणाला तरी जागं राहावंच लागणार होतं.